परभणीतला बर्फ

बालवाडीच्या हिवाळी प्रदर्शनात कापसाचे स्नोमॅन पलटणीसारखे उभे होते. सगळे आयांनी केलेले. पोरांना डिंकालाही हात लावू दिला नव्हता. मृदुलाने मात्र आपल्या लेकीला, मुक्ताला, मोकळं सोडलं होतं. तिने काड्यांची शेकोटी रचून भोवती मफलर गुंडाळलेली, वाकडीतिकडी मातीची माणसं बसवली होती.

“यात बर्फ कुठंय?” मॅडमनी विचारलं.

“परभणीत पडत नाही,” मुक्ता म्हणाली.

मॅडमनी शेकोटी टेबलाखाली सरकवली आणि मृदुलाला बाजूला घेतलं. “पुढच्या वेळी स्वतः लक्ष घाला हो. हे मुलीनंच केलेलं दिसतंय!” बाकीच्या आया गालातल्या गालात हसल्या. मृदुलाची मान खाली गेली.

वसंत ऋतूचा विषय आला, तेव्हा मुक्ता माती भिजवून बसली होती. मृदुलाने पिशवीतून प्लास्टिकचे ट्यूलिप काढले. “तू जा, बाहेर खेळ,” ती म्हणाली. “मला तुझा प्रोजेक्ट करू दे.”