झेनोनची झोप

झेनोन विल्चाक वळणावर पडला, उठला नाही, आणि सगळं स्टेडियम खूश झालं.

खूश होण्यासारखंच होतं. मोटरसायकलींच्या सांघिक विश्वविजेतेपदाची ही शेवटची शर्यत. पोलंड दोनच गुणांनी पुढे, मागे डेन्मार्क. डेन्मार्कचा मिकेल पहिला आला की त्याचे तीन गुण, आणि कप गेला समुद्रापार. मिकेल पहिलाच होता, तोही चांगलं अंतर राखून. आमचा झेनोन चौघांत चौथा, म्हणजे शून्य गुण. कप गेल्यात जमा होता. पण पडलेला गडी ट्रॅकवरून हललाच नाही तर पंचाला लाल दिवा लावावा लागतो. पडणारा बाद होतो, आणि बाकीच्यांची शर्यत पुन्हा पहिल्यापासून. चौथ्याचं त्यात जातं काय?

हा डाव झेनोन इतक्या वेळा खेळला होता की आमच्या या लेश्नो गावात त्याला सगळे झोपाळूच म्हणत. तो पडला की वर करायला म्हणून लोक घरून एक मोठी पांढरी उशी घेऊन येत. ती आता डोक्यांवरून हातोहात पुढे चालली होती. त्याची बायको दानूता पाचव्या रांगेत बसली होती. शेजारणीच्या हातावर सूर्यफुलाच्या बिया ठेवत ती म्हणाली, "घरी मेला रात्रभर कूस बदलत असतो. इथे बघा कशी गाढ लागलीय."

तेवढ्यात मधल्या हिरवळीवरून एक लाल जाकीट धावत सुटलं. तो प्रेबेन, मिकेलचा मेकॅनिक. गाडी सुरू करून दिली की मेकॅनिक लोक तिथेच हिरवळीवर थांबतात. प्रेबेन इकडच्या लीगमध्ये इतकी वर्षं राबला होता की त्याला आमच्या सगळ्या शिव्या यायच्या, आणि झेनोनची सगळी सोंगंही पाठ होती. तो कशाला धावतोय हे पोरासोरांनाही कळलं. गाड्या फेरी मारून यायच्या आत झेनोनला फरफटत बाहेर काढायचं, म्हणजे लाल दिवा नाही आणि मिकेलची आघाडी शाबूत. स्टेडियमने निषेधाच्या शिट्ट्या मारायला सुरुवात केली. कुणीतरी बिअरचा ग्लास भिरकावला.

प्रेबेनने झेनोनची कॉलर धरली आणि त्याला उचललं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात हलवत पंचाकडे बघून ओरडायला लागला. शर्यत थांबवा म्हणत होता. स्वतःच्याच गड्याची जिंकत आलेली शर्यत.

लाल दिवा लागला. प्रेबेनने झेनोनचं हेल्मेट उतरवलं तेव्हा पुढच्या रांगांना त्याचा चेहरा दिसला. निळा पडला होता. जीभ मागे जाऊन घसा बंद झाला होता. प्रेबेनने त्याच्या तोंडात बोटं घातली आणि डॉक्टर येईपर्यंत ती बाहेर काढली नाहीत. उशी जिथे पोचली होती तिथेच खाली आली. दानूता बिया सांडत, लोकांचे पाय तुडवत कुंपणाकडे धावली. तिला आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नव्हती, आणि इतकी भीतीही.

झेनोनने श्वास घेतला, आणि घेताघेताच प्रेबेनची दोन बोटं हाडापर्यंत चावली. त्या बोटांनी पुढे पाना धरवेना. फेरशर्यतीत मिकेलचा क्लच अडखळला, तो तिसरा आला, त्याला एकच गुण मिळाला आणि कप लेश्नोतच राहिला. पण त्या संध्याकाळी लोकांनी कपापेक्षा प्रेबेनलाच जास्त डोक्यावर घेतलं. शिट्ट्या मारणारं तेच स्टेडियम उभं राहिलं आणि त्याच्यासाठी शंभर वर्षांचं आयुष्य मागणारं गाणं गाऊ लागलं. ग्लास फेकणारा माणूस शोधत शोधत त्याच्यापर्यंत गेला आणि भर पटांगणात त्याची माफी मागून आला. आपण भल्या माणसाबद्दल भलतंच मनात आणलं, असं जो तो म्हणत होता. प्रेबेन मान खाली घालून उभा होता. तोही लोकांनी विनयच मानला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉस्पिटलात आला. खाली डेन्मार्कच्या संघाची परतीची बस सुरूच होती. दानूताने त्याच्या बँडेज बांधलेल्या हाताचं चुंबन घेतलं, सफरचंदाचा अख्खा केक त्याच्या पिशवीत कोंबला आणि रडायला लागली. गळ्याला पट्टा लावलेला झेनोन नुसता बघत होता. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"तुला रे कसं कळलं?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तिथे माझी बायकोसुद्धा हसत होती."

प्रेबेनने खिडकीबाहेर बसकडे पाहिलं. मग दाराकडे. मग एकदाचा बोलला.

"मला कुठे कळलं होतं? लोक म्हणत होते तेच खरं. मी तुला फरफटत बाहेर काढायला आलो होतो."

दानूताचं रडणं थांबलं. झेनोन हसायला गेला, बरगड्यांत कळ उठली, तरी हसत राहिला. प्रेबेनने पिशवी उचलली.

"आभारच मानायचे तर तुझ्या सोंगांचे मान," तो म्हणाला. "तुझ्या जागी एखादा सरळ माणूस पडला असता ना, तर मी जागचा हललो नसतो."