तेल खाणाऱ्या जंतूंचं भजन

"आमच्या मंडळाचा ताल कधी चुकत नाही, मॅडम!" होडीत बसता बसता मथुराक्कांनी ऐकवलं. कारखान्याच्या तेलाने नदी काळी झाली होती. तिच्यात सोडलेले जंतू टाळांच्या ठेक्यावर तेल खायचे. ठेका संथच ठेवायचा, हे जंतू सोडणाऱ्या शास्त्रज्ञ मॅडमनी शिबिरात भजनी मंडळाला बजावलं होतं. अक्कांना फक्त एकदा, लहानपणीसारखं, त्या पाण्यात पाय सोडून बसायचं होतं.

पहिल्याच अभंगाला पाणी निवळलं. तळाचे गोटे दिसले तसे अक्कांचे डोळे भरून आले, आणि नेहमीच्या सवयीने शेवटाला टाळ भराभर वाजू लागले.

"अक्का, हळू! जंतूंची भूक वाढतेय!"

"रंगात आलेलं भजन थांबतं का कुठं, बाई?"

नदीतलं तेल संपलं. मग जंतूंनी होडीच्या फटींतलं डांबर खाल्लं, आणि मंडळ टाळांसकट गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं.