प्रभुभोजनाची पोळी

तव्यावरची पोळी कडेला फुगली, मधे चपटीच राहिली. मार्थाने फडक्याने दाबून ती उतरवली. मंठ्याच्या चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांना तुकडा तुकडा वाटायची प्रभुभोजनाची पोळी तीच भाजायची. पाळकसाहेब ताट घेऊन आले की मात्र नको म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळात उपाशी लेकरांना गुळाची सुकडी वाटताना तिने स्वतःच्या लेकरासाठी एक वाटा पदराखाली लपवून रांगेतल्या सोजरला म्हटलं होतं, 'संपली.' सोजरचं पोर त्याच आठवड्यात गेलं. आज ताट न्यायला सोजरच आली. "भाजतीस, पण खात न्हाईस. इख घालतीस काय गं?" मार्थाने खाली बघत सगळं सांगितलं. "तुह्या पदराला तवाच गुळाचा वास येऊन राह्यल्ता," सोजर म्हणाली. "राग हायेच. पण हे ताट पुण्यवानांसाठी असतं, तर येशूला पाप्यांसाठी मरायची काय गरज होती?" चर्चमध्ये पाळकसाहेब सवयीने मार्थाला वगळून पुढे निघाले. "थांबा," ती म्हणाली, "आज मी बी घेणार."