हुफूफच्या नावावर

रियाध केंद्राचे अधिकार शाबूत राहिले, तर पुढच्या वर्षी सौदीतल्या कोकण मंडळाचं अध्यक्षपद यतीनच्या पदरात पडणार होतं, आणि वकिलातीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची. रियाधच्या ओलाया भागातल्या त्याच्या बँकेत लिफ्टवालासुद्धा त्याला नावानिशी ओळखत नव्हता. त्या मानाने सौदा वाईट नव्हता.

म्हणून शुक्रवारी दुपारी अल मलाझच्या हॉटेलातल्या माडीवर तो तयारीनिशी आला. रियाधची केंद्रीय समिती या भिंतीला, दम्माम आणि बाकीच्या शाखा त्या भिंतीला. वर्षभरात थर्मासही दोन झाले होते. केंद्राचा चहा शाखेचा माणूस तोंडाला लावत नसे. एकमत उरलं होतं ते एका जुन्या शिरस्त्यावर: ज्या शाखेचा विषय, सभेचा फराळ त्या शाखेच्या नावावर.

आजचा विषय हुफूफचा. तिथल्या खजुराच्या वखारीतला भिकू मंगळवारी वारला होता. त्याला गावी पोचवायचं, तर बायकोने इथल्या कुणाच्या तरी नावे मुखत्यारपत्र करून द्यायला हवं. ती म्हसळ्याला नोटरीसमोर बसली होती. कागद तयार होता, नाव घालायचं तेवढं बाकी होतं.

यतीनचा फोन थरथरला. "भाऊ, मी वासंती. नाव कुणाचं घालू?"

"पाचच मिनिटं, वहिनी."

मग तो उभा राहिला. "नाव केंद्र देईल."

"केंद्र कोण देणारं?" तौकीर उसळला. दम्मामला त्याचं टायरचं दुकान. आवाज रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला पुरेल असा. "उद्या आमच्या मय्यतीला खांदा कुणी द्यायचा, तेही रियाधहूनच कळवा!"

"मग तुमचं नाव घाला की."

"घालतो. शाखेचा प्रतिनिधी म्हणून."

"म्हणजे केंद्राचा अधिकार गेला म्हणा."

"गेलाच पाहिजे!" पलीकडच्या भिंतीने टाळ्या वाजवल्या.

आपलं नाव सांगून मोकळं व्हावं, असं यतीनला क्षणभर वाटलं. दोन शब्दांचं काम. पण नुसतं नाव, पदाशिवाय? पायंडा पडला असता.

फोन पुन्हा थरथरला. "भाऊ, नोटरी उठतायत. जागा मोकळी सोडून शिक्का मारतात काय, विचारू?"

"नको नको, थांबा. मतदान चाललंय."

दोन मतांनी शाखावाले जिंकले. ठराव झाला: शाखेच्या कामात बाहेरच्या कुणीही हात घालू नये.

"ठीक," यतीन म्हणाला. "आता हुफूफ शाखेने नाव द्यावं. आहे कोण तिथे?"

खजिनदार ताजुद्दीनचाचांनी वहीत बोट फिरवलं. फार फिरवावं लागलं नाही. "एकच सभासद. भिकू."



"मग आम्ही दम्मामवाले..." तौकीर चाचरला.

"बाहेरचे," यतीन म्हणाला. म्हणताना त्याला बरं वाटलं. एवढ्या खटाटोपातून त्याला मिळालं ते तेवढंच.

"पुढच्या सभेत घटनेत बसवून घेऊ," कुणीतरी म्हणालं. त्यावर दोन्ही भिंतींनी माना डोलावल्या.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा नोटरीने कुलूप घातलेलं होतं. वासंतीला राग आलेला नव्हता. तसा आवाज असता, तर यतीनला बोलायला सोपं गेलं असतं.

"सोमवारी परत येते, भाऊ. तवर त्यांना तिथं बर्फातच ठेवतील ना?" ती थांबली. "त्यांना गार सोसत नाय."

तोवर समोसे आले होते. वर्षात पहिल्यांदाच दोन्ही भिंतींचे हात एका ताटात पडले. ताजुद्दीनचाचांनी पेनाचं टोपण काढलं.

"फराळ कुणाच्या नावावर?"

"हुफूफच्या," दोन्हीकडून एकदम उत्तर आलं.

चाचांनी भिकूच्या नावापुढे आकडा मांडला.