तुम्ही काय करणार होतात?

“सर, तेव्हा तुम्ही काय करणार होतात?” सुष्माने विचारलं.

कॅप्टन नरसिंगरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. गेला आठवडाभर ते याच प्रश्नाच्या धास्तीत होते. चौकशीत तो कुणी विचारलाच नव्हता. एवढ्या मुरलेल्या कॅप्टनला असलं कोण विचारणार? आणि आता विचारत होती त्यांची को-पायलट, त्यांच्याच घरी, म्हैसूरमधल्या बन्नीमंटपच्या त्या लहानशा हॉलमध्ये बसून. उद्या बंगळुरूला तिची जबानी होती. तिला पुन्हा विमान चालवू द्यायचं की नाही, हे तिथे ठरणार होतं.

घडलं ते असं. हैदराबादहून म्हैसूरला येणारं विमान उतरणीला लागलं होतं. ते नरसिंगराव चालवत होते. म्हणजे ऑटोपायलट चालवत होता आणि ते लक्ष ठेवून होते. तेवढ्यात कॉकपिटमध्ये धोक्याची सूचना घुमली. क्लाइंब, क्लाइंब. वर चढा. दुसरं एक विमान अंगावर येत होतं. पंख्यांच्या या लहान विमानात अशा वेळी ऑटोपायलट बंद करायचा आणि आपल्या हातांनी विमान वर ओढायचं, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. नरसिंगराव जागचे हलले नाहीत. सुष्माने ‘सर’ म्हणून हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग तिनेच ऑटोपायलट काढून विमान वर ओढलं. दुसरं विमान खालून निघून गेलं. मागे ट्रे गोळा करणारी एअर होस्टेस पूजिता मात्र तोल जाऊन पडली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं.

विमानाचा ताबा घेणाऱ्याने ‘आय हॅव कंट्रोल’ असं मोठ्याने म्हणायचं असतं. सुष्मा तेवढं म्हणाली नाही. वडिलांच्या वयाच्या कॅप्टनला तसं बजावायला तिची जीभ रेटली नाही. घोडं अडलं ते तिथेच. पोरगी घाबरली, न विचारता ताबा हिसकावला आणि गरजेपेक्षा जोरात ओढलं, असा कंपनीतल्या साहेबांचा सूर होता.

नरसिंगरावांची जबानी आधीच झाली होती. ताबा को-पायलटने घेतला का? हो. तुम्ही सांगितलं होतं? नाही. दोन्ही उत्तरं अक्षरशः खरी होती. त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

त्यांच्या आई, भागीरथीबाई, आतून चकल्यांची बशी घेऊन आल्या. आपल्या लेकाने विमान वाचवलं, ही बातमी त्यांनी केव्हाच गल्लीभर केली होती. पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, तेव्हा घाबरणं त्यांच्या रक्तातच नाही, हेही जोडून सांगितलं होतं. “खा गं मगू, खा लेकरा. सुम्ने, उगाच काळजी करत बसू नको,” त्या सुष्माला म्हणाल्या. “आमचा नरसिंग आहे ना, अल्वा?” आणि आत गेल्या. नरसिंगरावांना मान वर करवेना.

सुष्मा त्यांना दोष द्यायला आली नव्हती, आणि हेच त्यांना सोसवत नव्हतं. ती रोज पूजिताला भेटायला हॉस्पिटलात जात होती. पूजिताला अजून स्वतःचे केस विंचरता येत नव्हते. तिथून बाहेर पडलं की सुष्माच्या डोक्यात एकच भुंगा सुरू व्हायचा.

“तुमच्या मनात काहीतरी होतं ना सर, अल्वा?” ती म्हणाली. “मीच घाई केली. थांबले असते तर तुम्ही हळू, नीट केलं असतं. ते काय होतं, तेवढं सांगा. उद्या मी चूक कबूल करून टाकते.”

‘हळूच वर घेणार होतो’ एवढं म्हटलं की झालं असतं. वाक्य ओठांवर आलंही होतं. या वयात आपण एका पोरीच्या पदराआड लपायला निघालो आहोत, याची नरसिंगरावांना भयंकर लाज वाटली.

“माझ्या मनात काहीच नव्हतं, सुष्मा,” ते म्हणाले. “मी काहीच करणार नव्हतो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मोठ्या जेट विमानांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्यांच्या त्या जेटमध्ये अशी सूचना आली की ऑटोपायलटच विमान आपणहून वर किंवा खाली नेतो. पायलटने हात न लावता नुसतं बघायचं. ती कंपनी बुडाली, आईजवळ राहता येईल म्हणून ते या लहान विमानावर आले. त्या क्षणी डोकं जुन्याच विमानात जाऊन बसलं. विमान आपणहून वर जाईल म्हणून ते वाट बघत राहिले. तिच्या हाकाही त्यांना ऐकू आल्या होत्या. पोरगी उगाच घाबरते आहे, असं वाटलं होतं.

उद्या आपणही बंगळुरूला येतो आणि हे सगळं साहेबांच्या तोंडावर सांगतो, असं ते म्हणाले. तिची चूक नव्हतीच. विमान तिनेच वाचवलं होतं.

बोलून झाल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं. आता हिचा जीव भांड्यात पडेल, असं त्यांना वाटलं. रागावली तर रागावू दे, तो तिचा हक्कच आहे.

सुष्मा रागावली नाही. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. तिने पेला खाली ठेवला.

“ओढताना माझा हात जरासुद्धा कापला नाही, सर,” ती म्हणाली. “चुकलं तर तुम्ही सावरणार, असं धरून चालले होते.” मग तिने त्यांच्याकडे बघितलं. “म्हणजे तिथे मी एकटीच होते?”