पाण्याचा रंग

सुनेनं न विचारता सहल ठरवली, याचा चंद्राक्कांना राग होताच; पण अभयारण्यातल्या त्या धबधब्याचं नाव ऐकून मेथी निवडणारा हात थांबला.

"गुडघ्यांचं कारण सांगू नका, आई. गाडी अगदी जवळ जाते," केतकी म्हणाली. "तुमची नात पहिल्यांदाच धबधब्याखाली बसेल."

गुडघे कधीच दुखत नव्हते. लग्नाआधी तिथंच धाकट्या बहिणीबरोबर त्या धुणं धूत होत्या. खाली ऊन होतं, वर डोंगरात पाऊस. पाणी गढुळलेलं त्यांना दिसलं होतं. तरी, "एवढी वाकळ पिळून घे, मग निघू," असं त्यांनीच बहिणीला सांगितलं. तेवढ्यात लोंढा आला आणि तिला घेऊन गेला. चाळीस वर्षं कुणाला न सांगितलेलं त्यांनी आज मेथीकडे बघत सांगितलं.

केतकीचा चेहरा उतरला. "रद्द करते मी."

"रद्द कशाला? उद्या पोरगी मैत्रिणींबरोबर जाईलच, तेव्हा तिला कोण सांगणार? मी येते. माझे पाय लटपटतील, तिकडं बघू नकोस, पाणी बघ. रंग बदलला की पोरीला उचलून काठावर यायचं. एक फोटो काढून निघू म्हणालीस, तर तुला तिथंच टाकून येईन."