आंदणाचा बॉल

गाडीतून सहाच पोरी उतरल्या. वीरेंद्रने पुन्हा मोजल्या. सहाच! रग्बीच्या या सामन्याला लागतात सात, आणि सातवी, म्हणजे आचल, तिकडे तिरोड्याजवळच्या त्यांच्या वस्तीवर, टोलीवर, अंगाला हळद लावून बसली होती. उद्या तिचं लग्न.

"तुले म्हटलं होतं ना, हळद लागली का पोट्टी येत नाई," वीरेंद्र ओमेशला म्हणाला. "आता काय, तू उतरतो का वेणी घालून?"

ओमेश या पोरींचा सर, म्हणजे कोच. पोटापाण्याला त्याचं कृषी केंद्र होतं, जीव मात्र या क्लबात. नागपूरला शिकताना तो रग्बी शिकला, परतताना एक लांबुळका बॉल घेऊन आला आणि धान निघालेल्या बांधीत टोलीच्या पोरींना पळवायला लागला. वीरेंद्र त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणून क्लबाचा कारभारीही तोच. आधी लोक हसले. कोंबडीचं अंडं घेऊन कुठे पळता गा, म्हणून विचारायचे. पुढे तेच लोक बांधावर बसून बघायला लागले.

पण धान निघालं की टोलीवर रग्बीबरोबर लग्नसराईही सुरू व्हायची. पोरगी जरा कुठे तयार झाली की तिचं लग्न ठरलंच म्हणून समजा. सगळ्यात आधी गेली चंदा, क्लबाची पहिली कॅप्टन. ओमेशने मोठ्या हौसेने तिला आंदण म्हणून क्लबाचा बॉल दिला. तेव्हापासून रिवाजच पडला. तिच्यामागे शामकला गेली, वच्छला गेली, आणखी कितीतरी गेल्या. प्रत्येकीने डोळे पुसत एकच सांगितलं, "सर, मी खेळणं सोडत नाई." ओमेशला ते वाक्य पाठ झालं होतं. शेवटी तो इतका रुसला, की सासरी गेलेल्या पोरींचे फोनही उचलेना.

"दरसाल एक पोट्टी जाते अन् एक बॉल जाते," वीरेंद्र कुरकुरायचा. "हा क्लब हाये का आंदण वाटपाची योजना?"

यंदा ओमेशने ठरवूनच टाकलं. हा शेवटचा सामना, मग क्लब बंद. आचलला त्याने बॉलही दिला नाही. उरलेले दोन बॉल गाडीच्या सीटखाली पडले होते, ते शाळेला देऊन टाकायचे. फक्त जाता जाता पोरींनी एकदा चार लोकांत खेळून दाखवावं, आपली एवढी वर्षं पाण्यात गेली नाहीत हे एकदा तरी दिसावं, एवढीच त्याची आस होती. आणि आता एक पोरगी कमी!

आपल्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या पायथ्याशी चुन्याने मैदान आखलं होतं. स्पर्धा भरवणाऱ्या दुर्गेशने सहा पोरी बघून मान हलवली.

"सात नाई तर मॅच नाई, सर."

ओमेश गाडीकडे वळला. तेवढ्यात मागून आरोळी उठली. लांबलचक, चढत जाणारी. धानावरची पाखरं हाकलताना देतात तशी. सामन्याआधी सगळ्यांनी बॉलवर हात ठेवून ही आरोळी द्यायची, हे ओमेशचंच खूळ.

"आता कायले ओरडता?" तो पोरींवर खेकसला.

"आम्ही नाई जी सर. त्या तिकडच्या."

पलीकडे निळ्या जर्सीतल्या बाया गोल करून उभ्या होत्या. त्यांची आरोळी थांबते न थांबते तोच पिवळ्या जर्सीवाल्यांनी तीच दिली. मग कोपऱ्यातल्या लाल जर्सीवाल्यांनी. ओमेश बघतच राहिला. निळ्यांच्या कॅप्टनने गळ्यातलं मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या खिशात टाकलं आणि ती धावत आली.

"काऊन जी सर, ओळखलं नाई का?"

चंदा होती.

"हा संघ... तुझा?"

"माझाच. एक जाऊ, एक नणंद, बाकीच्या शेजारणी. पिवळा शामकलाचा. तो लाल वच्छलाचा."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही फोन उचलता का जी?" चंदा हसली. "बॉल तर देऊन देला तुम्ही. पण एकटीनं खेळाचा खेळ हाये का तो? मंग शिकवलं सगळ्याईले."

ओमेशच्या डोळ्यांना धार लागली. त्याने ती पुसलीही नाही, भर मैदानात खुशाल रडून घेतलं. चंदाने सहा पोरी बघितल्या, काय ते ओळखलं आणि आपल्या संघात राखीव असलेली नणंद मंजू त्यांच्या रांगेत ढकलली.

"हे चालते का पण?" दुर्गेशने डोकं खाजवलं.

"चालवा ना जी," वीरेंद्र म्हणाला. "एकाच घरचे तर होत सगळे."

सामना पडला तो चंदाच्या निळ्यांशीच, आणि काय रंगला! अगदी शेवटाला मंजू बॉल पोटाशी धरून थेट आपल्या वहिनीवरच धावून गेली. "वहिनी, सरक!" चंदा सरकते कसली! तिने झेप घेतली, दोघी धाडकन पडल्या, पण मंजूने बॉल टेकवला तो रेषेच्या पलीकडे. टोली जिंकली. "घरी चाल तू, मंग पाहते तुले," चंदा मातीत बसल्या बसल्या ओरडली आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

परतताना वीरेंद्र गाडी चालवत होता. ओमेश एकदम म्हणाला, "वीरेंद्र, आचलचं सासर कुठचं रे?"

"सालेकसा तालुक्यातलं."

"तिकडं कोणी रग्बी खेळते का?"

"कोणीच नाई."

ओमेशने वाकून सीटखालून एक बॉल काढला आणि शर्टाच्या बाहीने पुसायला लागला. "गाडी आचलच्या मांडवाकडं घे."

"एकच कायले?" वीरेंद्र म्हणाला. "दोन्ही दे ना बे. तालुका मोठा हाये."